विस्तवावरचा बर्फ

घरी परतून पंधरा दिवस झाले, तरी पहाटे जाग आली की मला वाटतं बाहेर मोहाची फुलं पडताहेत. टप्, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा टप्. तेवढ्यात शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू होते आणि कळतं, बाई, तू कराडात आहेस, ऊठ. मी काही शिकलेली लेखिका नाही. बोलते तसं लिहिते. पण गोंदियाकडे आमच्यातलं फारसं कोणी जात नाही, म्हणून म्हटलं, विसरायच्या आत लिहून ठेवावं.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, हे भंगारवाल्याकडे जाऊन बसायला लागले. एका शाळेची जुनी व्हॅन आणली. बाकडी उपटली, झोपायला फळ्या ठोकल्या, चहापुरता ओटा केला, आणि शेवटी कुठूनसा एक फ्रीज पैदा केला. बंद पडलेल्या फिरत्या दवाखान्यातला, लशी ठेवायचा, गॅसवर चालणारा. उंची माझ्या कमरेएवढी. विजेची गरज नाही, आवाज नाही. खाली एवढीशी ज्योत जळते आणि वर बर्फ होतो.

"अहो, पण विस्तवानं गार कसं होईल?" मी विचारलं.

ह्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. मागच्या नळ्यांत अमोनिया आणि पाणी भरून कायमचं बंद केलेलं असतं. ज्योतीनं ते तापतं, वाफ वर चढते, वर निवते, मग आपल्या उतारानं वाहत खाली येते आणि येता येता फ्रीजच्या पोटातली ऊब घेऊन जाते. ती ऊब मागच्या जाळीतून बाहेर पडते. बस. पंप नाही, काही नाही, नुसता उतार.

पेटवायचं काम माझ्याकडे. कारण बटण अगदी तळाशी, आणि ह्यांचे गुडघे वाकत नाहीत. गाडी चालू असताना ज्योत विझवून ठेवायची, मुक्कामाला लागलो की मी सतरंजी टाकून पालथी पडायची. सिलिंडर उघडा, बटण दाबून धरा, दुसऱ्या हातानं खटका मारा आणि बारीकशा काचेतून बघा. निळी कळी उमलली की लगेच बोट काढायचं नाही. तिच्याजवळची तार तापेपर्यंत दाबून धरावं लागतं, नाहीतर ती रुसते. मी मनात जात्यावरची एक ओवी सावकाश म्हणते आणि मग बोट उचलते. ह्या वयात जमिनीवर पालथं पडून ज्योतीकडे बघत राहायला मला फार बरं वाटतं, हे खरं सांगून टाकते.

आम्हाला जायचं होतं अमरकंटकला. पण निघायच्या आठवड्यात रंजूचा फोन आला आणि आधी शेवंताकडे जायचं ठरलं.

शेवंता म्हणजे माझी नागपूरची मैत्रीण. ह्यांची नोकरी तिकडे होती तेव्हा मुलींच्या एका वसतिगृहात मी पोळ्या करायची आणि ती भात, भाजी, वरण. दहा वर्षं एका चुलाणापुढे घाम गाळला. तिचं गाव गोंदिया जिल्ह्यात, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ. नवरा गेल्यावर ती गावी परतली, शेती बघायला लागली. रंजू तिची सून. रंजूचा नवरा हैदराबादला बांधकामावर आहे.

फोनवर रंजू म्हणाली, "मावशी, मायच्या गऱ्यात गाठ निंघाली. नागपूरले मशिनीचे शेक देऊन राहिले होते. पन तोंड पुरं सोलून गेलं जी तिचं. थुका गिळत नाही. डाक्टरनं दहा दिस घरी धाडलं. म्हनते, अंगात ताकद आली तं पुढचे शेक देऊ, नाही तं थांबवा लागंन."

"मग नळीनं पोटात घालत नाहीत का?"

"नळी पाह्यली का हात झटकते ते. थंडगार असलं तं दोन घोट घेते. पन लाईन दुपारची जाते ते संध्याकारी येते. गावातल्या बर्फाचं पानी कुठलं, देव जाने. डाक्टरनं उकळल्याबिगर पानी देऊ नका म्हटलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे फ्रीजकडे बघत होते.

कुडवा

गोंदिया शहराला चिकटून कुडवा आहे. नव्या घरांच्या रांगा, लहान लहान दुकानं, आणि सकाळी जो तो दुचाकीला किक मारून शहराकडे निघालेला. तिथं पोचल्यावर मी साबणाचं पाणी लावून गॅसची नळी तपासली, तर सांध्यावर एक बुडबुडा फुगला. फुगला आणि फुटला. नळी बदलल्याशिवाय पेटवायचं नाही, असा ह्यांचा नियम.

शेगड्या दुरुस्त करणारा एक दुकानदार नवी नळी घेऊन गाडीपाशी आला. आत डोकावून म्हणाला, "आंटीजी, ये फ्रिज है कि चूल्हा?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"तर मग ह्याच्यावर चाय होऊन जाईल काय?" गोंदियात हिंदी कुठं संपते आणि मराठी कुठं सुरू होते, ते मला आणखी चार वेळा गेले तरी सांगता यायचं नाही. त्यानं नळी बसवली, स्वतःच साबण लावून बघितलं, आणि मी पेटवत असताना माझ्या शेजारी जमिनीवर पालथा पडला. निळी कळी दिसली तसा तो काचेच्या आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "माझी मम्मी पाह्यली असती तर हात जोडली असती."

पाणी उकळून, निववून, मी डब्यात भरून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सकाळपर्यंत त्याच्यावर साय धरावी तसा पातळ पापुद्रा आला होता, एवढंच. गाडीत फ्रीज गार व्हायला वेळ लागतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

दवनीवाडा

खरं तर त्याच दिवशी चोरखमाऱ्याला पोचलो असतो. पण ऊन असं, की डांबर डोळ्यांपुढे पाण्यासारखं हलायला लागलं. ह्यांना गरगरल्यासारखं झालं आणि दवनीवाड्यात एका शेताच्या कडेला आंब्याखाली गाडी लावली. पुढं सगळी उन्हाळी धानाची बांधी. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. आमच्याकडे चैत्रात रान उघडं, ढेकळं ढेकळं. इथं उन्हाच्या ऐन तडाख्यात हे हिरवं, पायाशी पाणी घेऊन उभं. वारा आला की सगळं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. बघता बघता माझे डोळे मिटायचे, उघडले की तेच हिरवं. किती वेळ गेला कळलं नाही.

फ्रीज पेटवून चार तास झाले होते. हात घातला तर आत कोमट. ज्योत छान, सिलिंडर भरलेला. उद्या रिकाम्या हातानं शेवंतापुढं कशी उभी राहू?

शेताचे मालक धनलालभाऊ बांधावरून येताना दिसले. साठीचे असतील, पाय चिखलात पोटऱ्यांपर्यंत. ह्यांनी त्यांना अमोनिया, नळ्या, उतार सगळं समजावलं.

"म्हंजे आतमंदी पाट हाय तुमच्या," ते म्हणाले. "त पाट चालन कसा जी? गाडी तं एका अंगानं चढली हाय."

"मला तर सरळ दिसतेय," हे म्हणाले. तीस वर्षं मेकॅनिकी केलेल्या माणसाला असं बोललेलं आवडत नाही.

"बाई, परात आना. पानी घालून."

परात फ्रीजच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यात पाणी ओतलं. पाणी सरळ एका कडेला जाऊन बसलं, दुसऱ्या बाजूला पितळ कोरडं.

"पाह्यलं का? आम्ही बांधी अशीच सपाट करतो. पानी सोडाचं आन् उघडी कुठं पडते ते पाहाचं. तिथली माती वढाची, बुडते तिथं टाकाची." असं म्हणत त्यांनी बांधावरून दोन चपटे दगड आणले. ह्यांनी चाक थोडं पुढं घेतलं, दगडावर चढवलं. "अजून. अजून. थांबा, लय झालं. काऊन घाई करून राहिले?" परातीतलं पाणी सगळीकडे सारखं पसरलं तेव्हा भाऊंनी हात वर केला.

ह्यांनी ती परात जपून दोन्ही हातांनी खाली उतरवली. कुडव्यातसुद्धा आपण उतारावर होतो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

भाऊंच्या घरून जेवायला लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात आला. भाकरी मागायची मला लाज वाटली. इथं सकाळी भात, दुपारी भात, आणि मधे भूक लागली तर पोहे. तिसऱ्या दिवशी तर मला भाताचीच भूक लागायला लागली.

पहाटे उठून कप्पा उघडला. डबा पांढरा पडला होता. आत बर्फ, घट्ट, मधोमध फुगून वर आलेला. मी तो हातात धरून दारात बसले. बोटं बधिर झाली तरी सोडवेना. मग पिशवीत, पिशवी गोधडीत, आणि पुन्हा फ्रीजमधे. ज्योत विझवली नि निघालो.

चोरखमाऱ्याजवळ

तलाव आधी दिसत नाही, आधी वास येतो. पाण्याचा, आणि त्यात मिसळलेला मोहाचा. गोड, जरा आंबूस, डोकं जड करणारा. शेवंताच्या परसात एक मोठा मोह आहे. त्याच्याखाली रंजूनं पाचोळा झाडून अंगण चकचकीत केलेलं, आणि गोळा केलेली फुलं एका बाजूला वाळत टाकलेली. मोत्यांचं वाळवण घातल्यासारखं.

शेवंता ओसरीत खाटेवर होती. मी ओळखलं ते तिच्या कपाळावरून. बाकी सगळं उतरलं होतं. गळ्याची कातडी काळी पडलेली. भिंतीवर तथागतांची तसबीर, तिच्याखाली तिची औषधं ओळीनं. आवाज गेलेला, नुसती कुजबुज. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"लय म्हातारी झालीस वो तू," ती म्हणाली.

"आणि तू काय, नवरी?"

तिनं डोळे मिटले. हसली असावी.

ह्यांनी गाडी मोहाच्या सावलीत लावली आणि कोणी सांगायच्या आत माझ्याकडे परात मागितली. पाणी सारखं पसरल्यावर मी पालथी पडले. रंजू दारातून बघत होती. "मावशी, कायले लोळून राहिल्या जी?" म्हणाली. मी तिला शेजारी ओढली आणि काच दाखवली.

त्या दुपारी पहिला खडा शेवंताच्या जिभेवर ठेवला. धुतलेल्या बत्त्यानं फोडून, एवढासा, तुरीएवढा. तिच्या तोंडात सगळीकडे फोड. खडा विरघळेपर्यंत ती हलली नाही. मग बोट वर केलं, अजून. सात-आठ खडे झाल्यावर तोंड बधिर झालं, तेव्हा मी भाताची पातळ पेज भरवली. गाळलेली, मीठ कमी, फ्रीजमधे तास-दोन तास गार केलेली. अर्धी वाटी गेली. रंजू खांबाला धरून उभी होती. तिनं सांगितलं, पाच दिवसांत एका वेळी एवढं पहिल्यांदाच गेलं.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाटी, दोनदा. नागपूरला परत जायला चार दिवस उरले होते. रंजू बोटांवर मोजायची. मी मोजायची नाही.

तिथले ते दिवस माझ्या डोक्यात वेगवेगळे राहिलेले नाहीत. पहाटे फुलं पडायची, रंजू टोपली घेऊन वाकायची आणि मी तिच्यामागं. आमच्याकडे फूल वेचायचं ते देवाला, इथं फूल वेचायचं ते घर चालवायला. ऊन चढलं की लाईन जायची, पंखे थांबायचे, सगळं गाव एका श्वासात गप्प व्हायचं. हे तलावाच्या बांधावर जाऊन बसायचे आणि पाणकोंबड्या बघायचे. मी गाडीच्या सावलीत आडवी व्हायची. त्या वासात झोप लागते ती झोपही नसते. मला चुलाण दिसायचं, वसतिगृहातल्या मुली दिसायच्या, तिशीतली शेवंता पदर खोचून भाताचं पातेलं एकटी उतरवताना दिसायची. आणि ह्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी ती निळी कळी जळते आहे, हे झोपेतही माहीत असायचं.

तिसऱ्या दुपारी अशीच उठले. शेवंतासाठी बर्फ काढायला गेले तर डब्यात नुसतं पाणी. पेजेचं भांडं कोमट, आणि पेज आंबूस वासाची. खाली काचेत बघितलं तर अंधार.

मी ओरडलेच. हे तलावावरून शक्य तितक्या लगबगीनं आले. सिलिंडर बघितला, नळी बघितली, परात ठेवून बघितली. सगळं बरोबर. मग ते गाडीच्या मागल्या बाजूला गेले आणि तिथंच थांबले.

गाडीच्या त्या बाजूला दोन जाळ्या आहेत. खालच्या जाळीनं ज्योतीला हवा मिळते, वरच्या जाळीनं ऊब बाहेर पडते. दोन्ही जाळ्यांवर ओलं पोतं टाकलेलं. नीट, चारी कोपरे दोरीनं बांधून.

"हे कोणी केलं?"

"मी जी," रंजू म्हणाली. "तिथून लय गरम वाफ येऊन राहिली होती. मले वाटलं, बिचाऱ्याले ऊन लागलं. मी तं माठाले टाकतो तसं पोतं भिजवून टाकलं. दोन डाव पानीबी मारलं."

तिच्या चेहऱ्याकडे बघून ह्यांनी आलेला राग गिळला. माठाला ओलं पोतं गुंडाळलं की पाणी गार होतं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. गार करणारं भांडं तापलं, तर दुसरं काय करायचं? मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. ह्यांनी तिला जाळीपुढं उभी करून सांगितलं, "ही जी ऊब आहे ना पोरी, ती तुझ्या सासूच्या पेजेतनं निघालेली. ती बाहेर पडू दिली तरच आत गार." रंजूनं पोतं सोडलं आणि ते तोंडाला लावून रडायला लागली.

मी पुन्हा पेटवलं. पण बर्फ व्हायला रात्र जाणार होती. त्या संध्याकाळी मी ताजी पेज केली, भांडं साध्या पाण्यात ठेवून ती निववली आणि वाटी पुढं केली. शेवंतानं एक चमचा घेतला, तिचे डोळे पाण्यानं भरले, आणि तिनं वाटी हातानं दूर केली. मिळवलेलं सगळं निसटल्यासारखं वाटलं मला. मी वाटी खाली ठेवली. तिनं मला जवळ बोलावलं.

"पोरीले बोलला काय तुझा बुढा?"

"नाही बोलले."

"माठ समजली ते." तिचे खांदे हलायला लागले. हसत होती, आणि हसण्यानं गळा दुखत होता म्हणून एका हातानं गळा धरला होता. "तुमचा येवढा मोठा इंजिनेर... आन् माह्या सुनेनं... पोतं!" मलाही हसू फुटलं. ओसरीच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली रंजू वळून बघायला लागली.

सकाळी डबा पुन्हा पांढरा होता. खडे कोणी भरवले म्हणाल, तर रंजूनं. पेज पाऊण वाटी, दुपारी पुन्हा, संध्याकाळी त्यात चमचाभर दही.

निघताना

आता अमरकंटक उरलं होतं. सकाळी मी पिशव्या भरत होते आणि हे गाडीत पाठमोरे बसले होते. मी म्हटलं, "अहो."

"माहितीय," ते म्हणाले. हातात पाना होता.

"तुम्ही ह्याच्यावर सहा महिने घालवलेत."

"सातवा पण घालवीन. ओसरीत चारी बाजूंनी वारा लागेल अशी जागा बघ, आणि ती परात दे."

फ्रीज ओसरीच्या उघड्या टोकाला बसवला, भिंतीपासून हातभर पुढं, सगळीकडून वारा येईल असा. रंजूच्या घरचा सिलिंडर तसाही जपूनच वापरायचे, स्वयंपाक चुलीवर. त्यालाच जोडला, सांध्याला साबण लावून बघितला. माझी सतरंजी तिथंच अंथरली आणि रंजूला पालथी पाडली. पहिल्यांदा तिनं बोट लवकर उचललं, ज्योत विझली. दुसऱ्यांदाही. "माय वो, हे तं लय नखरेवाली हाय," म्हणाली. मी ओवी म्हणायला सांगितली, तर तिला जात्यावरची येत नव्हती. तिला येत होती ती बुद्धवंदना. ती तिनं पुरी म्हटली, सावकाश, बटण दाबून धरून. बोट उचललं तरी ज्योत जळत राहिली.

शेवंतानं खाटेवरून मला बोलावलं. "तुमची जत्रा मोडली वो माह्यापाई."

"अमरकंटक कुठं जातंय पळून? तू मात्र नागपूरला जा."

"जातो ना. कायले रडून राहिली?"

आम्ही तिथून सरळ घरी आलो. वाटेत पाणी कोमट प्यायलो, दही दोनदा फेकलं. जिथं फ्रीज होता तिथं आता कांदे ठेवतो.

गेल्या मंगळवारी रंजूचा फोन आला. नागपूरहूनच. डॉक्टरांनी शेवंताला वजनाच्या काट्यावर उभी केली, आणि शेक पुन्हा सुरू झाले. आठवडाभर नागपूरला राहून शेक घ्यायचे, सुट्टीच्या दोन दिवसांत गावी यायचं, एक-दोन दिवस पुरेल एवढा बर्फ थर्मासात घेऊन परत जायचं, असं रंजूनं बसवलंय. दोन वेळा पेटवलं, दोन्ही वेळा एका दमात, असंही तिनं आवर्जून सांगितलं.

"शेवंता बोलेल का माझ्याशी?" मी विचारलं.

"बोलत नाही जी अजून. आवाज तं पुराच गेला. पन फोन मागून राहिली."

बराच वेळ नुसता दवाखान्याचा गलका ऐकू आला. मी हॅलो हॅलो करत होते. मग अगदी कानाशी, स्टीलच्या पेल्यात कोणी बर्फ हलवावा तसा आवाज आला. खळ्. खळ्खळ्. मी फोन ह्यांच्या कानाला लावला. ह्यांनी ऐकलं, आणि आतून परात आणून तिच्यावर बोटानं दोनदा टकटक केली. तिकडून पुन्हा खळ्खळ् झालं.